फोनचा सातबारा: नाव आपलं, इतर हक्कात कंपनी

कांदेबाग (रावेर)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहितोच.

माझी केळीची बाग आहे. माल कापला की हिशोब बराच असतो. घड किती निघाले, वजन किती भरलं, दांड्यापोटी किती किलो कापले, त्या दिवशी भाव काय होता, मजुरी किती गेली, पैसे किती आले आणि व्यापाऱ्याकडे किती अडकले. वीस वर्षं हे सगळं मी लाल वहीत लिहिलं. माझा भाचा कॉम्प्युटरचं शिकतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत आला आणि मामासाठी म्हणून त्याने एक छोटं ॲप बनवलं. उघडलं की चार रकाने दिसतात. व्यापाऱ्याचं नाव टाकलं की त्याच्याकडची मागची सगळी बाकी समोर येते. बागेत रेंज नसते, तरी चालतं. अख्ख्या जगात ते ॲप सहा फोनांत आहे: माझ्या, थोरल्या भावाच्या आणि शिवारातल्या चौघांच्या.

मागच्या महिन्यात माझा फोन पाटाच्या पाण्यात पडला. नवा घेतला. भाच्याने ॲपची फाइल पाठवली. टाकायला गेलो तर फोन म्हणतो, हे ॲप धोक्याचं असू शकतं. सेटिंगमध्ये जाऊन परवानगी दिली, तर दुसरा पडदा आला. त्यावर 'टाकू नका' हे ठळक बटण, आणि 'तरीही टाका' हे बारीक अक्षरात, 'अधिक माहिती'च्या खाली दडलेलं. चष्मा घरी राहिलेला. ट्रक भरून उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि मी बांधावर बसून माझ्याच भाच्याने माझ्यासाठी केलेली वस्तू माझ्याच फोनात टाकायची परवानगी मागतोय. शेवटी चढलं एकदाचं.

धाकटा भाऊ सुरतेला असतो. त्याने आयफोन घेतलाय. भाचा म्हणाला, मामा, त्याच्यावर ही फाइल टाकायची सोयच नाही.

आणि आता वाचतोय की अँड्रॉइडवाले पण नोंदणी नसलेल्या माणसाचं ॲप चढू देणार नाहीत. तेव्हापासून मला एकच चित्र दिसतंय. शेताच्या सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून नाव आपलं असतं, पण खाली 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो. बँकेचा बोजा असेल, कुळाचा हक्क असेल, तो तिथे चढतो. फोनचा सातबारा काढला तर वर माझं नाव निघेल, बिल माझ्याकडे आहे. पण इतर हक्कात कोण कोण बसलंय? बँकेचा बोजा फेडला की उतरतो. हा कधी उतरणार?

जाणकारांनी सांगावं. खरंच हे दार बंद होतंय, की माझी समजूत चुकतेय?

---

तापीकाठ (शिरपूर, सध्या पुणे)

दादा, मी ॲप बनवायचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमचा मुख्य प्रश्न. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की, गूगलचा शिक्का असलेल्या अँड्रॉइड फोनवर फक्त ओळख पटवलेल्या विकसकाचीच ॲप चढतील. प्ले स्टोअरवरून घ्या, नाहीतर व्हॉट्सॲपवर आलेली फाइल असू द्या, नियम एकच. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड, आणि २०२७ पासून बाकी जग, असं वेळापत्रक दिलं. त्यावर पुष्कळ ओरड झाली. एफ-ड्रॉइड नावाचं मुक्त ॲपचं भांडार २०१० पासून चालू आहे, तिथल्या लोकांनी स्पष्ट सांगितलं की हे असंच राहिलं तर आमचं काम थांबेल. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगल थोडं मागे सरकलं. जाणत्या वापरकर्त्याला धोका समजून-उमजून पुढे जाता येईल असा वेगळा रस्ता ठेवू, म्हणाले. विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी फी न घेता, मोजक्या फोनांपुरतं खातं देऊ, असंही सांगितलं. तुमच्या भाच्याचं त्यात भागेल. सहाच तर फोन आहेत.

पण तुमचं दुखणं फीचं नाहीच, हे मला कळतंय. मामाला भाच्याने दिलेली वस्तू, त्यात तिसऱ्याकडे नाव का नोंदवायचं, हा तुमचा सवाल आहे. तो रास्त आहे.

आयफोनची गोष्ट वेगळी. तिथलं ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये सुरू झालं तेव्हापासून दार एकच आहे. भाच्याने स्वतःच्या मॅक कॉम्प्युटरवरून फुकट खात्याने ॲप चढवलं तर ते ७ दिवस चालतं, मग पुन्हा चढवा. कायमचं हवं तर वर्षाला ९९ डॉलर भरायचे. गूगलच्या प्ले स्टोअरला एकदाच २५ डॉलर लागतात. दुकानात ॲप विकलं किंवा ॲपच्या आत काही विकलं तर कमिशन वेगळं. ते दोघांकडे ३० टक्के होतं, २०२१ पासून लहान विकसकांना १५ टक्के केलं. अडत म्हणा हवं तर. फरक इतकाच की बाजार समितीत एका अडत्याशी जमलं नाही तर माणूस दुसऱ्याच्या गाळ्यावर जातो. आयफोनच्या बाजारात गाळा एकच.

युरोपात मात्र कायद्याने दुसरा गाळा उघडायला लावला. त्यांचा डिजिटल बाजार कायदा मार्च २०२४ मध्ये या कंपन्यांना लागू झाला, आणि आयओएस (आयफोनची सिस्टिम) १७.४ पासून तिथल्या आयफोनवर दुसरी ॲप-दुकानं चालू शकतात. फोन तोच, कंपनी तीच. सुरतेत जे होत नाही ते बर्लिनमध्ये होतं. म्हणजे तांत्रिक अडचण कधीच नव्हती.

---

पांझरा (धुळे)

मी बँकेत आहे. माझं मत इथे बऱ्याच जणांना पटणार नाही, तरी लिहिते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाखेत एक काका आले. सत्तरीचे, कापूस करणारे. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किसान योजनेच्या नावाची एक फाइल आली होती. हप्ता अडकला असेल तर हे ॲप टाका, असं खाली लिहिलेलं. पाठवणारा ओळखीचा, त्यांच्याच भावकीतला, म्हणून त्यांनी टाकली. ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, त्यांनी दिली. रात्री ते झोपलेले असताना खात्यातून तीन वेळा पैसे गेले. ओटीपीचे मेसेज आले, चोराने ते वाचले आणि पुढे सरकवले. सकाळी फोन हातात घेतला तेव्हा तीच फाइल त्यांच्या नावावरून आणखी चार ग्रुपांवर गेलेली.

काउंटरच्या त्या बाजूला ते उभे होते. पासबुक उघडं धरून बोटाने ओळ दाखवत होते आणि म्हणत होते, ताई, हे मी नाही काढले. खरिपाच्या बियाण्याचे पैसे होते ते. १९३० ला फोन मीच लावून दिला. तक्रार लगेच केली तर पैसे गोठवता येतात. यांना दहा-अकरा तास उलटून गेले होते, थोडेच हाती लागले.

आता मला सांगा, त्या फोनने 'टाकू नका' असं ठळक सांगितलं असतं आणि 'तरीही टाका' बारीक अक्षरात ठेवलं असतं, तर वाईट झालं असतं का? कांदेबाग दादांची चाळीस मिनिटं गेली असतील. त्या काकांचा हंगाम गेला. लग्नपत्रिका म्हणून फाइल येते, गाडीच्या चलनाच्या नावाने येते, वीजबिलाच्या नावाने येते. आयफोन वापरणाऱ्या एकाही ग्राहकाला मी या प्रकारात अडकलेलं पाहिलेलं नाही. तिथे ती फाइल उघडतच नाही.

मोकळीक हवी, हे मलाही मान्य आहे. पण ती ज्याला पेलत नाही त्याच्या डोक्यावर ठेवून आपण मोकळे होतो, असं मला वाटतं.

---

यार्डातला (भुसावळ)

पांझरा ताई, तुमच्या काकांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण एक विचारतो. चोरी कुठल्या दारातून झाली? ॲप चढलं म्हणून झाली, की त्या ॲपला मेसेज वाचता आले म्हणून?

माझ्या मते दुसऱ्यामुळे. ओटीपी अजून साध्या मेसेजवर येतो, ही बँकांची व्यवस्था. एकदा परवानगी मिळाली की तो मेसेज कुठलंही ॲप वाचू शकतं, ही फोनची व्यवस्था. या दोन्ही सुधारायच्या सोडून माणसाचा स्वतःच्या फोनवरचा हक्क काढून घेणं म्हणजे गोठ्याचं दार मोडकं म्हणून गाय विकून टाकण्यासारखं आहे.

माझं सांगतो. मी २०१३ पासून फोनवर बाहेरची सिस्टिम टाकतो. आधी सायनोजेनमॉड होतं, ते २०१६ च्या अखेरीला बंद पडलं, त्याच्याच लोकांनी पुढे लिनिएजओएस उभं केलं. कंपनीने ज्याला म्हातारा ठरवलं तो माझा फोन त्यानंतर पाच वर्षं उत्तम चालला. ड्युटीला गाड्यांच्या वेळा, नकाशे, गाणी, सगळं त्यावर. एक दिवस बँकेचं ॲप उघडलं तर म्हणे, तुमचा फोन सुरक्षित नाही. सुरक्षेचे ताजे अपडेट त्यात होते. शेजाऱ्याच्या फोनवर तीन वर्षांपूर्वीचे अपडेट होते, त्याच्यावर तेच ॲप खुशाल चालायचं. कारण ॲप हे बघतच नाही की फोन किती पक्का आहे. ते गूगलला विचारतं की फोन तुमच्या शिक्क्याचा आहे का.

आता माझ्याकडे दोन फोन आहेत. एक माझा आणि एक बँकेसाठी. दोन्हींचे पैसे मीच भरले.

---

मिरचीपथारी (नंदुरबार)

मी आयफोनवाला. मिरचीचा व्यापार आहे. सीझनला दिवसाला दीड-दोनशे फोन येतात. पथारीवर लाल मिरची पसरलेली, तिची खाट (ठसका) उठलेली, हाताला तिखट लागलेलं, अशा वेळी मला फोनशी खेळायला वेळ नाही. वाजला पाहिजे, पैसे गेले-आले पाहिजेत, बस. आधीच्या फोनात (कंपनीचं नाव घेत नाही) घड्याळ बघायला गेलो तरी जाहिरात यायची. फाइल उघडायच्या ॲपमध्ये जाहिरात, हवामानात जाहिरात. काढता येत नाहीत अशी बारा-पंधरा ॲप कंपनीनेच भरून दिलेली. याला मोकळीक म्हणायचं का? पैसे मी मोजले आणि फोनमध्ये दुकान दुसऱ्यांनी मांडलं.

एप्रिल २०२१ मध्ये आयओएस १४.५ आलं तेव्हापासून माग काढायचा असेल तर प्रत्येक ॲपला आधी विचारावं लागतं की तुमचा माग काढू का. मी नाही म्हणतो. हा हक्क मला कंपनीने हातात अधिकार ठेवला म्हणूनच मिळाला ना? ज्याच्या हातात दोरी असते तोच बैल आवरू शकतो.

---

तापीकाठ

मिरचीपथारी भाऊ, माग काढू नका असं सांगायची सोय चांगलीच आहे, त्यात वाद नाही. पण तीच दोरी कंपनीच्या फायद्यालाही ओढली जाते. फ्रान्सच्या स्पर्धा नियामकाने मार्च २०२५ मध्ये याच सोयीवरून ॲपलला १५ कोटी युरो दंड केला. सोय करण्याला हरकत नव्हती. ती ज्या पद्धतीने राबवली त्याला होती.

तुमच्या आयफोनवर तुम्ही क्रोम टाकलंय ना? वरचा रंग क्रोमचा, आतलं इंजिन (वेबपान उघडून दाखवणारा भाग) ॲपलच्या सफारीचंच. युरोप आणि जपान सोडले तर ॲपल दुसऱ्याचं इंजिन चालू देत नाही. पाटी बदलली, भट्टी तीच.

---

मिरचीपथारी

हे ठाऊक नव्हतं. तरी माझा फोन मी बदलत नाही.

---

टेस्टपॉइंट (जळगाव)

राम राम मंडळी. मी मोबाईल रिपेअर करतो, चौदा वर्षं झाली. तुम्ही लोक ॲपवर बोलताय, मी मशीनवर बोलतो.

काय सांगू भो, पूर्वी गिऱ्हाईक यायचं, स्क्रीन फुटली, दुसरी टाकली, अर्ध्या तासात मोकळं. आता काही महाग फोनांत प्रत्येक पार्टचा नंबर मदरबोर्डला माहीत असतो. दोन सारखे फोन घ्या, दोन्ही कंपनीचे, दोन्ही पेटीबंद. एकाची स्क्रीन दुसऱ्याला लावा. पार्ट अस्सल, तरी फोन म्हणतो, ओळखीचा नाही. एखादं फीचर बंद पडतं.

बॅटरीचं तर विचारूच नका. नवी बॅटरी टाकली की पडद्यावर सूचना येते आणि काही फोनांत बॅटरी हेल्थची टक्केवारी दिसत नाही. गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याला डुप्लिकेट माल लावला. म्हणून आम्ही काय करतो, जुन्या बॅटरीच्या डोक्यावरची ती बोटाच्या पेराएवढी, बॅटरीची ओळख सांगणारी पट्टी काळजीपूर्वक कापतो, नव्या सेलवर ठेवतो आणि स्पॉट वेल्डिंगने दोन टिपके मारतो. कात्री जरा वाकडी गेली की ठिणगी. माझ्या अंगठ्यावर डाग आहे तो त्याचाच. सेल नवा, पट्टी जुनी, मग फोन गप्प बसतो. चांगली बॅटरी सरळ बसवता येत असताना कारागिराला आगीशी का खेळावं लागावं?

२०१७ च्या डिसेंबरमध्ये ॲपलने स्वतः कबूल केलं होतं की जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग ते सॉफ्टवेअरने कमी करतात. कारण दिलं की फोन अचानक बंद पडू नये. कारण खरं असेलही, पण मालकाला सांगितलं नव्हतं. लोकांनी फोन म्हातारा झाला समजून नवे घेतले. मग बॅटरी बदलायचा दर उतरवावा लागला, फ्रान्समध्ये अडीच कोटी युरो दंड झाला, अमेरिकेत दावे मिटवायला ५० कोटी डॉलरपर्यंत द्यायचं ठरलं. माझ्याकडे त्या काळात रांग लागायची, बॅटरी बदलली की गिऱ्हाईक म्हणायचं, फोन नवा झाला. काही नवा नव्हता झाला, फक्त मोकळा पळायला लागला होता.

आणि यार्डातले भाऊ, फक्त एका कंपनीला धरू नका. बाहेरची सिस्टिम टाकायला बूटलोडर (फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचं कुलूप) उघडावं लागतं, तर एका कंपनीत सात सात दिवस थांबायला लावायचे. सॅमसंगमध्ये उघडून बाहेरची सिस्टिम टाकली की नॉक्सचा (त्यांच्या सुरक्षा-व्यवस्थेचा) फ्यूज उडतो, आणि तो परत जोडता येत नाही. तो फोन जन्मभर डागी. हे सगळं अँड्रॉइडच आहे बरं.

---

गिरणाकाठ (चाळीसगाव)

मी निवृत्त शिक्षक. तांत्रिक कळत नाही, पण नागरिकशास्त्र शिकवलंय म्हणून विचारतो. आपल्या देशात याला काही आडकाठी आहे की नाही? स्पर्धा आयोगाने गूगलला दंड केला होता ना? मग ही ॲप काढता येण्याचं आणि बाहेरून टाकता येण्याचं काय झालं?

---

तापीकाठ

गुरुजी, नेमका प्रश्न विचारलात. आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइडच्या प्रकरणात १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. पाच दिवसांनी प्ले स्टोअरच्या बिलिंगवरून आणखी ९३६.४४ कोटी. दंडापेक्षा मोठ्या होत्या त्या सूचना. फोन बनवणाऱ्यावर गूगलच्या सगळ्या ॲपचा गठ्ठा लादू नका, शोधयंत्र कोणतं ते ग्राहकाला निवडू द्या, आधीच भरलेली गूगलची ॲप काढू द्या, बाहेरून ॲप टाकण्यावर बंधन आणू नका, वगैरे.

जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली नाही, तेव्हा गूगलने भारतापुरते काही बदल जाहीर केले. फोन कंपन्यांना गूगलची ॲप सुटी घेता येतील आणि ग्राहकाला शोधयंत्र निवडता येईल, हे त्यातलंच. पण २९ मार्च २०२३ ला अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि चार सूचना रद्द केल्या. त्या चारांत ॲप काढू देण्याची होती, आणि बाहेरून टाकण्याचीही होती. म्हणजे आज कांदेबाग दादांना ज्या सूचनेचा उपयोग झाला असता, नेमकी तीच गळाली. बिलिंगच्या प्रकरणातला दंडही पुढे मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आला.

---

गिरणाकाठ

म्हणजे पैशाची शिक्षा राहिली, आणि ज्याने माणसाला काही मिळालं असतं ते सुटलं. हे वाचून मला फार वाईट वाटलं. वर्तमानपत्रात दंडाचा आकडा मोठ्या टायपात आला होता, तो माझ्या लक्षात आहे. सूचना रद्द झाल्याचं मी कुठे वाचल्याचं आठवत नाही.

---

शहादा_एस_वाय (शहादा)

मी कॉलेजला आहे. दुसरी दुकानं पण आहेत ना? फोनपेचं इंडस ॲपस्टोअर फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं, त्यात मराठी पण आहे. मी टाकलंय. पण मित्रांपैकी कोणीच टाकलं नाही, कारण ते आधी बाहेरून डाउनलोड करावं लागतं आणि तेव्हा तोच इशारा येतो. माझी आई तो इशारा बघून म्हणाली, व्हायरस आहे, काढ आधी.

---

पांझरा

आईंचं बरोबर आहे. त्यांना अनोळखी ते टाकायचं नाही हे कळलंय, म्हणजे आमची जनजागृती वाया गेली नाही.

पण तुझी अडचणही मला समजली. इशारा चोराच्या फाइलला आणि चांगल्या दुकानाला एकाच तोंडाने मिळत असेल, तर माणूस एक तर दोन्हींना घाबरतो, नाहीतर दोन्हींना सरावतो. आमच्या त्या काकांना इशारा आला नव्हता असं मी वर धरून चालले. ते मला खात्रीने ठाऊक नाही. आला असेल आणि भावकीतल्या माणसावर विश्वास ठेवून त्यांनी पुढे दाबलं असेल, हेही होऊ शकतं. हे लिहायला हवं होतं, राहून गेलं.

---

तापीकाठ

ताई, याच्यावर थोडं काम झालंय. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटीची (पडद्यावरचं वाचायची आणि आपल्या वतीने बटणं दाबायची) परवानगी सहज मिळत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये गूगलने भारतासाठी आणखी एक प्रयोग जाहीर केला. बाहेरून आलेलं ॲप मेसेज वाचायची, नोटिफिकेशन वाचायची किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागत असेल, तर ते चढण्याआधीच अडवायचं. मला हा मार्ग पटतो. कोण आलाय यापेक्षा तो काय मागतोय हे बघायचं. केळीचं वजन लिहिणारं ॲप मेसेज मागत नाही, त्याला जाऊ द्या. हप्त्याचं ॲप ओटीपी मागतंय, त्याला दारातच धरा. ओळखपत्राची सक्ती केली तर कांदेबाग दादांचा भाचा अडकतो. चोराला मात्र दुसऱ्याचं ओळखपत्र भाड्याने मिळतं. भाड्याने खाती मिळतात, हे बँकेत बसून तुम्ही रोज बघताच.

---

पांझरा

हो. रोज बघते.

---

यार्डातला

एवढं सगळं बोललो, आणखी एक जण राहिला. सरकार. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर दूरसंचार विभागाने फोन कंपन्यांना सांगितलं होतं की संचार साथी ॲप प्रत्येक नव्या फोनात आधीच भरून द्या. ॲप उपयोगाचं आहे, चोरीचा फोन बंद करायला मी स्वतः त्याची मदत घेतलीय. पण सक्तीवरून देशभर गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली.

मला यातून एक दिसलं. लोक बोलले म्हणून आठवड्याच्या आत सरकार मागे सरलं. कंपनीच्या नियमावर आपण कुठे बोलायचं? 'मान्य आहे' या बटणाशेजारी दुसरं बटण नसतं. दाबलं नाही तर फोन सुरू होत नाही.

---

मिरचीपथारी

याच्याशी मी सहमत. आयफोन वापरतो म्हणून काही मी इतर हक्काच्या रकान्यात खुशीने सही केलेली नाही. मला निवांतपणा हवा होता, तो मिळाला. पण उद्या वाटलं की फोनमध्ये माझ्या मुनीमजीचं ॲप टाकावं, तर किल्ली माझ्याकडे पाहिजे. घराला कुलूप असावं, भक्कम असावं, बनवणाऱ्याने बनवावं. किल्ली बनवणाऱ्याने ठेवून घेतली तर ते घर भाड्याचं.

आमच्याकडे एक अहिराणी बोलणारी आजी पथारीवर देठ खुडायला येते. तिला हा धागा वाचून समजावून सांगितला. ती म्हणे, "मोबाईल मना, पैसा मना, मंग मर्जी कोनी?" (मोबाईल माझा, पैसा माझा, मग मर्जी कोणाची?) आम्ही बठ्ठे गप.

---

सावदा_फाटा (सावदा)

विषयांतर माफ करा. कांदेबाग भाऊ, आज तुमच्याकडे केळीचा बोर्डाचा भाव काय निघाला?

---

कांदेबाग

सावदा भाऊ, व्यनि (खासगी निरोप) करतो.

मंडळी, तुम्ही एवढं मनापासून लिहिलंत, मी सगळं दोनदा वाचलं. पांझरा ताई, तुमच्या काकांचं वाचून मी आमच्या गावच्या ग्रुपवर लगेच १९३० नंबर टाकला आणि सांगितलं की फाइल कोणीही पाठवो, आधी त्याला फोन करून विचारा. मी स्वतःच्या चाळीस मिनिटांवर चिडलो होतो. तो राग आता तेवढा उरला नाही. पण रकाना उतरला पाहिजे, हे म्हणणं सोडत नाही. तापीकाठ भाऊंनी लिहिलं ते मला पटलं, माणसाचं ओळखपत्र बघण्यापेक्षा तो काय मागतोय ते बघा.

भाच्याला हा धागा पाठवला होता. त्याने रविवारी बसून एक युक्ती काढली. ॲपऐवजी तेच चार रकाने वेबपानाच्या रूपात केले. ब्राउझरमध्ये एकदा उघडायचं, होम स्क्रीनवर ठेवायचं, मग रेंज नसली तरी चालतं. सुरतेला भावाच्या आयफोनवर चाललं! त्याने फोटो पाठवलाय. आमच्या बापाच्या वेळच्या बागेचा हिशोब त्या महागड्या फोनवर बघून काय वाटलं ते लिहिता येत नाही.

---

तापीकाठ

वा! भाच्याला शाबासकी सांगा. एकच सावधगिरी. हा मार्गही त्यांच्याच अंगणातून जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲपलने युरोपात होम स्क्रीनवरची ही वेबपानं बंद करायचं ठरवलं होतं. लोक ओरडले, मग १ मार्चला निर्णय फिरवला. म्हणून हिशोबाची प्रत दर आठवड्याला बाहेर काढायची सोय त्याला करायला सांगा. साधी फाइल, कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडेल अशी. हिशोब तुमचा आहे, तो कुठल्याच फोनच्या आत कोंडलेला नको.

---

टेस्टपॉइंट

कांदेबाग दादा, तो पाण्यात पडलेला फोन टाकून दिला का? दिला नसेल तर चालू करून बघू नका, चार्जिंगला तर बिलकुल लावू नका. तांदळाच्या डब्यात पण ठेवू नका, त्याने काही होत नाही, उलट पिठी आत जाते. तसाच घेऊन या.

---

कांदेबाग

नाही टाकला, कपाटात आहे. चार्जिंगला एकदा लावला होता, चूक झाली. मागच्या मृगबागेच्या (मृगात लावलेल्या केळीच्या) सगळ्या नोंदी त्यातच आहेत, नव्यात आल्या नाहीत. एका व्यापाऱ्याची बाकी आठवणीवर धरून बसलोय आणि तो वेगळा आकडा सांगतोय. शनिवारी माल देऊन जळगावला येतो, दुपारी दोनपर्यंत पोहोचेन. लाल वही पण आणतो, नोंद निघालीच तर तिथेच उतरवून घेतो.